शौलाच्या मुलाचं खरं नाव

बायबलच्या जुन्या करारातल्या एका राजाच्या नावाचा अर्थ 'लाजेचा माणूस' असा होतो. हिब्रूत 'ईश' म्हणजे पुरुष आणि 'बोशेथ' म्हणजे लाज, नामुष्की. मराठी बायबल वाचणाऱ्याला हा ईश-बोशेथ २ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायात भेटतो आणि चौथ्या अध्यायात त्याचा खून होतो. दावीद आणि शौल यांच्या भव्य कथेच्या मधोमध अडकलेला हा राजा लवकरच नजरेआड होतो. त्याचं नाव मात्र वाचणाऱ्याला अडवतं. कुठला बाप आपल्या मुलाला असं नाव देईल? आणि तोही इस्राएलचा पहिला राजा?

शौलानं ते दिलंच नव्हतं. त्याच बायबलमध्ये 'इतिहास' नावाचे दोन ग्रंथ आहेत आणि पहिल्या इतिहासाच्या आठव्या अध्यायात बन्यामीन वंशाची लांबलचक वंशावळ आहे. बहुतेक वाचक तिथली पानं भराभर उलटतात. त्या यादीत शौलाचे चार मुलगे नोंदले आहेत : योनाथान, मलकीशुवा, अबीनादाब आणि एश्बाल. हा एश्बाल म्हणजेच ईश-बोशेथ. पुढच्याच ओळीत योनाथानाच्या मुलाचं नाव मरीब्बाल असं आहे. शमुवेलाच्या ग्रंथात हाच मुलगा मफीबोशेथ आहे. शास्ते या ग्रंथातल्या गिदोनाला त्याच्या लोकांनी यरुब्बाल हे नाव दिलं होतं. पण २ शमुवेलच्या अकराव्या अध्यायात सेनापती यवाब रणांगणावरून दावीदाला निरोप धाडतो, तेव्हा तेच नाव यरुब्बेशेथ होऊन येतं. तीन माणसं, तीन नावं आणि तिन्हींत एकाच जागी एकच फेरफार. 'बाल' काढून तिथे 'बोशेथ' बसवलं आहे.

हे 'बाल' म्हणजे बआल. बायबल वाचणाऱ्याला हा शब्द ओळखीचा आहे, पण शत्रू म्हणून. कर्मेल डोंगरावर एलीयानं ज्याच्या संदेष्ट्यांना आव्हान दिलं, तो कनानी देव. १९२९ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे प्राचीन उगारित नगरीचं उत्खनन सुरू झालं आणि तिथल्या मातीच्या पाट्यांतून हा देव त्याच्या स्वतःच्या भक्तांच्या शब्दांत प्रथमच समोर आला : मेघांचा, वादळाचा, पावसाचा स्वामी. पण देवाचं नाव होण्याआधी हा साधा रोजच्या वापरातला शब्द होता. बआल म्हणजे धनी. घराचा, शेताचा, बैलाचा धनी, आणि बाईचा नवराही. मराठी खेड्यातली बाई नवऱ्याला 'मालक' म्हणते, नेमकं तेच. आजच्या हिब्रूतही 'बाअली' म्हणजे 'माझा नवरा'.

मग एक साधा प्रश्न उभा राहतो. शौलाच्या काळात, म्हणजे इसवीसनापूर्वी सुमारे एक हजार वर्षं, एखादा इस्राएली बाप मुलाच्या नावात 'धनी' हा शब्द घालत होता तेव्हा त्याच्या मनात धनी कोण होता? उत्तर बन्यामीन वंशातच सापडतं. शौलाच्या याच वंशातले काही धनुर्धर सिकलाग इथे दावीदाला येऊन मिळाले. त्यांच्यापैकी एकाचं नाव होतं बाल्या. बआल आणि याह. 'याह हाच धनी'. याह हे इस्राएलच्या देवाच्या, याहवेहच्या, नावाचं छोटं रूप. या एका नावात दोन्ही शब्द शेजारी सुखानं नांदतात. याहवेहला 'बआल' म्हणणं त्या पिढीला चूक वाटत नव्हतं, उलट ती भक्तीच होती. खुद्द दावीदाच्या घरातही असंच घडलं. यरुशलेमात जन्मलेल्या त्याच्या एका मुलाचं नाव इतिहासात बेल्यादा आहे, म्हणजे 'बआल जाणतो'. शमुवेलात तोच मुलगा एल्यादा आहे, 'देव जाणतो'. दावीदाच्या मुलासाठी लेखनिकांना 'देव' सापडला, शौलाच्या मुलासाठी 'लाज'. हा फरक चटका लावतो. राज्य ज्याच्या घराण्यात टिकलं त्याच्या मुलाचं नाव हळुवार हातांनी सुधारलं गेलं. ज्याचं घराणं बुडालं, त्याच्या मुलाच्या नावाला डाग लागला. असं मुद्दाम ठरवून केलं असेल असं नाही. पण परिणाम तोच झाला.

नावावरून माणसाचा देव ओळखता येतो, ही समजूत किती कच्ची आहे हे अहाब राजाच्या घरात दिसतं. बायबलच्या लेखी बआलाची पूजा राजाश्रयानं वाढवणारा राजा तो. त्याची राणी ईजबेल सीदोनच्या एथबालाची मुलगी. तरीही अहाबाच्या मुलांची नावं आहेत अहज्या आणि यहोराम. 'याहनं हाती धरलेला' आणि 'याह उंच आहे'. ज्याच्यावर बआलपूजेचा सर्वांत मोठा ठपका, त्याच्या मुलांच्या नावांत याहवेह आहे. शौलाच्या अनेक चुका शमुवेलाचा ग्रंथ मोजून मांडतो, मात्र बआलाच्या वेदीपुढे तो वाकला असं कुठेही म्हणत नाही. त्याच्या थोरल्या मुलाचं नाव योनाथान, 'याहनं दिलेला'. धाकट्याचं एश्बाल. एकाच बापानं एकाच श्रद्धेतून दिलेली ही नावं असावीत असं मानायला भरपूर जागा आहे.

एश्बाल या नावाची फोडही एका तऱ्हेनं होत नाही. सरळ अर्थ 'बआलाचा माणूस', म्हणजे 'धन्याचा माणूस'. पण उगारितमध्ये जवळपास असंच नाव आढळतं आणि तिथे पहिला भाग 'आहे' या अर्थाचा आहे. तसं धरलं तर एश्बाल म्हणजे 'धनी आहे', त्याचं अस्तित्व आहे. मुलाच्या जन्माच्या वेळी आईबापांच्या तोंडून निघावा असा हा उद्गार. याशिवाय १ शमुवेलच्या चौदाव्या अध्यायात शौलाच्या मुलांमध्ये इश्वी नावाचा एक मुलगा येतो. पुष्कळ अभ्यासकांच्या मते तोही हाच, आणि ते नाव मुळात 'याहचा माणूस' अशा अर्थाचं असावं. तसं असेल, तर एका माणसाची तीन नावं झाली : एकात याह, एकात बआल, एकात लाज.

भूमध्य समुद्राच्या काठावर अशा नावांचं मोठं कुटुंब होतं. रोमला घाम फोडणारा कार्थेजचा हॅनिबल हा फिनिशियन वंशाचा. त्याच्या नावाचा अर्थ 'बआलानं कृपा केली'. हिब्रूतलं योहानान, म्हणजे मराठी ख्रिस्ती घराघरांतलं योहान, हे त्याच घडणीचं नाव आहे : 'याहनं कृपा केली'. कृपा हा शब्द दोघांत एकच आहे, फक्त देणारा बदलला.

आता त्या माणसाकडे यायला हवं, कारण नावाच्या या चर्चेत तो मागेच राहतो.

गिलबोवा डोंगरावर पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत शौलाचा आणि त्याच्या तीन मुलांचा अंत झाला. वाचलेल्या मुलाला घेऊन शौलाचा चुलतभाऊ आणि सेनापती अबनेर यार्देनपलीकडे महनाईमला गेला आणि तिथे त्यानं त्याला राजा केलं. ग्रंथाची क्रियापदं इथे बोलकी आहेत. अबनेरानं त्याला घेतलं, नेलं, राजा केलं. त्यानं स्वतः काही केलं असं एकही क्रियापद नाही. तो तेव्हा ४० वर्षांचा होता आणि त्यानं २ वर्षं राज्य केलं. दक्षिणेत हेब्रोनमध्ये दावीद यहूदाचा राजा होता, आणि दोन घराण्यांत लढाई सुरूच होती.

त्यानं एकदाच तोंड उघडून जाब विचारला. शौलाची उपपत्नी रिस्पा हिच्याशी अबनेरानं संबंध ठेवल्याबद्दल. मेलेल्या राजाच्या बायकोला हात लावणं म्हणजे त्या काळी गादीवर हक्क सांगणं, म्हणून प्रश्न रास्त होता. अबनेर भडकला, त्यानं राज्य दावीदाच्या हाती देण्याची शपथ घेतली, आणि राजा एक शब्दही बोलू शकला नाही, कारण त्याला अबनेराची भीती वाटत होती. शमुवेलाच्या ग्रंथानं त्याच्या मनाविषयी जे काही सांगितलं आहे ते जवळपास एवढंच : तो भ्याला. पुढे दावीदानं आपली पहिली बायको, शौलाची मुलगी मीखल, परत मागितली. ईश-बोशेथनं, तिच्या भावानंच, तिला तिच्या दुसऱ्या नवऱ्याकडून काढून घेतलं. तो नवरा, पलतीएल, बहूरीमपर्यंत रडत तिच्या मागोमाग चालत गेला आणि अबनेरानं एका शब्दात त्याला परत पाठवलं.

मग अबनेरही यवाबाच्या हातून मारला गेला आणि राजाचे हात गळाले, असं हिब्रू ग्रंथ म्हणतो. उन्हाच्या कडाक्यात तो दुपारी झोपला असताना त्याच्याच सैन्यातले दोन सरदार, रेखाब आणि बाना हे भाऊ, घरात शिरले. हिब्रू पाठात ते गहू घ्यायला आल्याचं निमित्त करतात. ग्रीक भाषांतरात इथे वेगळंच वाक्य आहे : दारावरची बाई गहू निवडता निवडता पेंगुळली होती. बऱ्याच अभ्यासकांना हा ग्रीक पाठच जुना वाटतो. राजाच्या दारात पहाऱ्याला एक बाई, तिच्यापुढे गहू, आणि तिचा डोळा लागलेला. महनाईमच्या राज्याची अवस्था याहून नेमकी कुणी सांगितलेली नाही. त्या दोघांनी त्याचं डोकं कापलं, रात्रभर चालून हेब्रोनला नेलं आणि बक्षिसाच्या आशेनं दावीदापुढे ठेवलं. दावीदानं त्यांनाच ठार करवलं. आपल्या अंथरुणावर निजलेल्या नीतिमान माणसाला त्यांनी मारलं, असं तो म्हणाला. ते डोकं अबनेराच्या कबरीत पुरलं गेलं. ज्याला तो जन्मभर भ्याला त्याच्याच शेजारी.

दावीदाचा तो 'नीतिमान' शब्द महत्त्वाचा आहे. शत्रूघराण्याच्या राजानं त्याला दिलेला दाखला तो, आणि तोही त्याच ग्रंथात, ज्यात त्याला पानोपानी 'लाजेचा माणूस' म्हटलं आहे.

हा बदल कुणी केला आणि का? निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात इतर देवांची नावं तोंडातून निघू देऊ नका अशी आज्ञा आहे. इसवीसनापूर्वी आठव्या शतकात होशेय संदेष्ट्यानं बजावलं की असा दिवस येईल, तेव्हा लोक देवाला 'माझा पती' म्हणतील, 'माझा बआल' म्हणणार नाहीत. म्हणजे तोवर लोक म्हणत होते. होशेय स्वतःच एका ठिकाणी बआलपौराच्या उल्लेखानंतर लगेच 'बोशेथ' शब्द वापरतो, आणि यिर्मया तर 'बोशेथासाठी वेद्या' म्हणून पुढे 'बआलासाठी वेद्या' असा खुलासाच करतो. संदेष्ट्यांनी रुजवलेला हा पर्यायी शब्द पुढे नक्कल करणाऱ्या लेखनिकांच्या हातात आला. ते प्रार्थनागृहांत मोठ्यानं वाचले जाणारे ग्रंथ लिहीत होते, आणि वाचणाऱ्याच्या ओठांवर तो शब्द येऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. ग्रीक भाषांतरात कर्मेल डोंगरावरचे बआलाचे संदेष्टे 'लाजेचे संदेष्टे' झाले आहेत. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल बआलाला ग्रीकमध्ये चक्क स्त्रीलिंगी उपपद लावतो. त्याचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं की लिहिताना बआल लिहायचं पण वाचताना ग्रीकमधला 'लाज' हा स्त्रीलिंगी शब्द उच्चारायचा, ही खूण त्यात आहे.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती पक्क्या अभ्यासातून आली आहे. १९७५ मध्ये अभ्यासक मातित्याहू त्सेवात यांनी असं मांडलं की या नावांतला 'बोशेथ' लाजेचा नसून अक्कादी भाषेतल्या 'बाश्तु' शब्दाचा भाऊबंद आहे. बाश्तु म्हणजे तेज, आब, आणि माणसाची पाठराखण करणारी दैवी शक्ती. अक्कादी व्यक्तिनामांत तो शब्द खरोखर येतो. तसं असेल तर ईश-बोशेथ हेही एक सन्मानाचं नाव ठरतं आणि लेखनिकांवरचा आरोप गळून पडतो. पण मग एकाच घराण्यात आणि गिदोनाच्या बाबतीतही बाल आणि बोशेथ अशा जोड्या का, याचं उत्तर अवघड होतं. काही ग्रीक हस्तलिखितांत शमुवेलाच्या ग्रंथातही 'एइस्बाल' असं रूप शिल्लक आहे, म्हणजे लेखणी सगळ्या प्रतींवर सारखी फिरली नव्हती. जुन्या समजुतीकडेच पारडं झुकतं.

नाव एकदा सैल झालं की माणूसही निसटतो. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या चौथ्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत महनाईमच्या या राजाचं नाव मफीबोशेथ असं पडलं आहे. काकाच्या जागी पुतण्या. हिब्रूच्या प्रचलित पाठात त्याच ओळीत नावच नाही, नुसतं 'शौलाचा मुलगा' आहे. रिस्पेबद्दल त्यानं अबनेराला विचारलेला सवालही प्रचलित पाठात, तिसऱ्या अध्यायात, कर्त्याविनाच येतो : 'आणि तो अबनेराला म्हणाला'. तो म्हणजे कोण, हे भाषांतरकारांना भरावं लागतं.

जमिनीखाली मात्र कुणाची लेखणी पोहोचली नाही. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शोमरोनच्या राजवाड्याच्या आवारात खापरांवर शाईनं लिहिलेल्या पावत्या सापडल्या. जुना द्राक्षारस, शुद्ध तेल, कुठल्या गावाहून, कुणासाठी. काळ इसवीसनापूर्वी आठव्या शतकाचा. त्यांत याहची नावं आहेत आणि बआलचीही, एकाच हिशेबात. त्यांपैकी एक आहे मरीबाल, योनाथानाच्या लंगड्या मुलाचं नाव, दोनशे वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी अंगावर मिरवलेलं.

आणि मग खिर्बेत कियाफा. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर, एला खोऱ्याच्या वर. याच खोऱ्यात दावीद आणि गल्याथ यांची गाठ पडल्याचं बायबल सांगतं. योसेफ गारफिंकेल आणि सार गानोर यांनी २००७ ते २०१३ या काळात इथे खोदकाम केलं. जळलेल्या ऑलिव्हच्या बियांच्या कार्बन तपासणीतून गाव इसवीसनापूर्वी अकराव्या शतकाच्या अखेरीचं ते दहाव्या शतकाच्या सुरुवातीचं ठरलं. ते यहूदाचं, कनानी लोकांचं की शौलाच्या राज्यातलं, यावर वाद आहे. २०१२ मध्ये तिथे एका रांजणाची खापरं मिळाली. काहींवर कनानी लिपीतली अक्षरं दिसली, म्हणून शेकडो तुकडे जुळवून रांजण पुन्हा उभा केला. भट्टीत जाण्याआधी ओल्या मातीत कोरलेली ती अक्षरं होती : एश्बाल बेन बेदा. बेदाचा मुलगा एश्बाल. २०१५ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला. बायबलबाहेर हे नाव त्याआधी कुठल्याही प्राचीन इस्राएली लेखात सापडलं नव्हतं.

हा शौलाचा मुलगा नव्हे, हे बापाच्या नावावरून उघड आहे. उत्खननकर्त्यांच्या मते तो मोठा जमीनदार असावा, ज्याच्या मळ्यातला माल अशा रांजणांतून जात असे. पण त्याच पिढीच्या आसपास, त्याच मुलखात, एका प्रतिष्ठित माणसाचं नाव एश्बाल होतं आणि ते रांजणावर कोरण्यात कुणाला संकोच वाटला नाही. २०२१ मध्ये खिर्बेत अल-राई इथल्या एका लहान मडक्याच्या तुकड्यांवर शाईनं लिहिलेलं 'यरुब्बाल' वाचलं गेलं. ते याहूनही जुनं, इसवीसनापूर्वी ११००च्या सुमाराचं. पुढच्या शतकांतल्या यहूदाच्या मुद्रा आणि लेखांत बआलची नावं दिसेनाशी होतात. गारफिंकेल यांनी या गोष्टीवर बोट ठेवलं आहे : वंशावळीतली नावं खरोखर जुन्या काळची आहेत. नंतर कुणी रचली असती, तर अशी रचली नसती.

उरतं ते इतिहासाच्या ग्रंथाचं कोडं. तो लिहिला गेला शमुवेलाच्या नंतर, पारसिक अमलात किंवा त्याच्या जरा पुढेमागे. उशिराच्या ग्रंथात जुनं रूप कसं टिकलं? कदाचित तोवर बआलाची भीती उरली नव्हती. कदाचित फार कमी वाचला जाणारा ग्रंथ म्हणून लेखनिकांचं लक्ष तिकडे गेलं नाही. पण त्यातली खरी विचित्र गोष्ट वेगळी आहे. नाव शाबूत ठेवणाऱ्या या ग्रंथात एश्बालाचं राज्यच नाही. दहाव्या अध्यायात शौल मरतो, त्याचं सगळं घराणं त्याच्याबरोबर मेलं असं एक वाक्य येतं, आणि अकराव्यात सगळा इस्राएल हेब्रोनला दावीदाकडे जमतो. महनाईम नाही, अबनेराचा राग नाही, दुपारची झोप नाही. एका ग्रंथानं त्याची गोष्ट सांगितली आणि नाव पुसलं, दुसऱ्यानं नाव सांभाळलं आणि गोष्ट गाळली. पूर्ण एश्बाल मिळवायचा तर दोन्ही ग्रंथ शेजारी शेजारी उघडून बसावं लागतं.

सगळं घराणं मेलं असं म्हणणाऱ्या त्याच ग्रंथात, दोनच अध्याय आधी, ते घराणं चालू आहे. मरीब्बालाचा मुलगा मीखा, मीखाचे चार मुलगे, त्यांतल्या आहाजापासून पुढची ओळ, अशा दहा-अकरा पिढ्या. ही यादी राजदरबारानं जपली असण्याचं कारण नाही, दावीदाच्या दरबारानं तर नाहीच. ती बन्यामीनांच्या घरातच, बापाकडून मुलाकडे आलेली असणार. त्यात पुढे शार्या आहे, ओबद्या आहे, याहची नावं आहेत. मरीब्बालानंतर बआलचं नाव एकाही मुलाला दिलेलं नाही. म्हणजे काळाबरोबर या घरानंही तो शब्द सोडला होता. पण आजोबा-पणजोबांची नावं त्यांनी दुरुस्त केली नाहीत. यादी संपते उलामाच्या मुलांपाशी. ते शूर होते, धनुर्धारी होते, आणि त्यांचे मुलगे-नातू मिळून १५० होते.